मालवाहू विमानांच्या वैमानिकांचा पगार आणि कामाचे नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारामतीत उड्डाणाचे तास पूर्ण करून परवाना घेतलेली मुलं, लोहगावच्या हवाई तळावर निवृत्तीच्या जवळ आलेले अधिकारी, प्रवासी कंपनीत काही वर्षं काढलेले को-पायलट आणि या सगळ्यांचे आईवडील किंवा जोडीदार. कार्गोच्या नोकरीचा विषय निघाला की पुण्यात या मंडळींकडून साधारण सारखेच प्रश्न येतात आणि पहिला प्रश्न पगाराचा असतो. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. कार्गोत पगार आणि कामाचे नियम वेगवेगळे काढून बघताच येत नाहीत. झोप कधी मिळणार, महिन्यात किती रात्री घरी असणार, परगावी नुसतं थांबून राहिलो तर त्याचे पैसे मिळणार का, हे ज्या कागदावर लिहिलेलं असतं तो पगाराच्या पत्राइतकाच बारकाईने वाचायला हवा.

कार्गोत प्रवासी कंपनीपेक्षा पगार जास्त असतो का?

सरसकट उत्तर नाही, कारण ‘कार्गो’ ही एक नोकरी नाही. निदान चार वेगवेगळ्या नोकऱ्या या एका शब्दाखाली येतात.

पहिला प्रकार पार्सल कंपन्यांचा. अमेरिकेत फेडएक्स आणि यूपीएस, युरोपात डीएचएलच्या गटातल्या विमान कंपन्या, आपल्याकडे ब्लू डार्ट. यांची विमानं ठरलेल्या वेळापत्रकाने, बहुतेक रात्री उडतात. फेडएक्स आणि यूपीएसचे वैमानिक अनेक वर्षं तिथल्या मोठ्या प्रवासी कंपन्यांच्या तोडीचा पगार घेत आले आहेत.

दुसरा प्रकार विमान, वैमानिक, देखभाल आणि विमा असं सगळं एकत्र भाड्याने देणाऱ्या कंपन्यांचा. धंद्यात याला एसीएमआय म्हणतात. ॲटलस एअर आणि कलिट्टा ही त्यातली ठळक नावं. काम जगभर चालतं, आज हाँगकाँग तर परवा अँकरेज. एकेक दौरा दोन-तीन आठवड्यांचाही असतो. पगार बहुधा पहिल्या गटापेक्षा कमी. पण मोठं विमान आणि आंतरराष्ट्रीय अनुभव इथे लवकर मिळतो.

तिसरा प्रकार फक्त मालाचीच मोठी विमानं चालवणाऱ्या कंपन्यांचा. लक्झेंबर्गची कार्गोलक्स बोईंग ७४७ च्या मालवाहू आवृत्त्या चालवते. आणि चौथा, प्रवासी कंपनीच्याच ताफ्यातली मालवाहू विमानं. एमिरेट्स किंवा कतारचं मालवाहू ७७७, आपल्याकडे इंडिगोची ए-३२१ मालवाहू विमानं. इथे पगाराची चौकट बहुधा मूळ कंपनीचीच असते.

म्हणून कोणी ‘कार्गोत इतके मिळतात’ असं सांगितलं तर पहिला उलट प्रश्न विचारा: या चौघांपैकी कुठल्या कार्गोत?

दर तासाचा दर बघून दोन कंपन्यांची तुलना करता येते का?

ही तुलना सगळ्यांत जास्त केली जाते आणि तीच सगळ्यांत जास्त फसवते. वैमानिकाचे तास मोजतात ते विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावर उभं राहीपर्यंत. कार्गोत या तासांच्या आजूबाजूला न मोजलेला वेळ फार असतो. माल चढायचा असतो, कस्टमची मंजुरी यायची असते, परतीचा माल दुसऱ्या दिवशी रात्री मिळणार असतो, म्हणून तुम्ही हॉटेलात बसलेले असता.

आकड्यांत बघू. हे आकडे कुठल्याही कंपनीचे नाहीत, फक्त हिशेब कळावा म्हणून घेतले आहेत. समजा ‘अ’ कंपनी तासाला ७,००० रुपये देते आणि महिन्याला ७० तासांच्या पगाराची हमी देते. ‘ब’ कंपनी तासाला ६,००० रुपयेच देते, हमी तीच ७० तासांची. पण ‘ब’च्या करारात एक कलम आहे: घरच्या तळापासून दूर राहिलात तर दर चार तासांना एक तासाचा पगार, विमान उडो वा न उडो.

दोन्हीकडे दौरा सारखाच धरू. चार दिवस, म्हणजे ९६ तास बाहेर. त्यात प्रत्यक्ष उड्डाण १२ तासांचं. असे महिन्यात चार दौरे, म्हणजे १६ दिवस घराबाहेर. ‘अ’मध्ये उड्डाण झालं ४८ तास, ते ७० च्या हमीपेक्षा कमी, म्हणून पगार ४,९०,००० रुपये. ‘ब’मध्ये प्रत्येक दौऱ्याचे २४ तास जमा, चार दौऱ्यांचे ९६, म्हणजे ५,७६,००० रुपये. कमी दराची कंपनी महिन्याला ८६,००० रुपये जास्त देऊन गेली.

याहून महत्त्वाचं पुढे आहे. ‘ब’मधल्या वैमानिकाची हमी तीन दौऱ्यांतच भरते. तो तीनच दौरे करून थांबला तर त्याला ४,३२,००० रुपये मिळतात आणि चार दिवस जास्त घरी राहता येतं. बाहेरच्या प्रत्येक दिवसाचा मोबदला काढला तर ‘अ’मध्ये तो ३०,६२५ रुपये पडतो, ‘ब’मध्ये ३६,०००. अमेरिकेतले वैमानिक या कलमाला ‘रिग’ म्हणतात. रिक्षाच्या वेटिंग चार्जसारखीच ही कल्पना: चाक फिरत नसलं तरी वेळ तुमचाच जातो आहे.

रिग असली की कंपनीला आळशी रोस्टर, म्हणजे ड्युट्यांचं ढिलं वेळापत्रक, परवडत नाही. वैमानिकाला परगावी उगाच तीन दिवस बसवून ठेवलं तर त्याचे पैसे मोजावे लागतात, म्हणून दौरे आपोआप घट्ट बांधले जातात. पगारवाढीची बातमी पेपरात येते. रिगमधला बदल कधी बातमीत येत नाही, पण संसारावर त्याचाच परिणाम जास्त होतो.

महिन्याची हमी दोन्हीकडे ७५ तास आहे. मग ती सारखीच ना?

आधी ‘महिना’ किती दिवसांचा ते बघा. यूपीएसमध्ये पगाराचा काळ २८ दिवसांचा असतो, म्हणजे वर्षात असे १३ काळ येतात. ७५ ला १३ ने गुणलं की ९७५ तास होतात. कॅलेंडरच्या महिन्याने चालणाऱ्या कंपनीत त्याच ७५ तासांचे वर्षाला ९०० होतात. तुलना नेहमी वर्षावर करावी.

थकव्याचे सरकारी नियम सगळ्या वैमानिकांना सारखेच लागू असतात ना?

भारतातल्या बहुतेकांना असंच वाटतं. अमेरिकेत मात्र ते तसं नाही, आणि त्यामागची कहाणी प्रत्येक होतकरू कार्गो वैमानिकाला ठाऊक असायला हवी.

फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोलगन एअरचं प्रवासी विमान कोसळलं. त्यानंतर मृतांच्या नातेवाइकांनी नेटाने पाठपुरावा केला आणि वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम तयार झाले. ते डिसेंबर २०११ मध्ये जाहीर झाले आणि ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. यात दहा तासांची विश्रांती, त्यात सलग आठ तास झोपेची संधी, ड्युटी रात्री सुरू होत असेल तर तिची मर्यादा आणखी कमी, असा शास्त्राला धरून विचार होता. मात्र मालवाहू कंपन्या त्यातून वगळल्या गेल्या. त्यांना लागू करण्याचा खर्च होणाऱ्या फायद्यापेक्षा जास्त आहे, असा हिशेब मांडला गेला. तिथले वैमानिक या वगळणुकीला ‘कार्गो कटआउट’ म्हणतात. मालवाहू कंपनीने स्वखुशीने नवे नियम पाळायला मुभा आहे, सक्ती नाही.

हे नियम जाहीर होऊन लागू होण्याच्या मधल्या काळात, १४ ऑगस्ट २०१३ च्या पहाटे, यूपीएसचं ए-३०० विमान अलाबामातल्या बर्मिंगहॅमला उतरताना धावपट्टीच्या अलीकडे कोसळलं आणि दोन्ही वैमानिक गेले. कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणात त्या दोघांचं विश्रांतीच्या नियमांबद्दलचं बोलणंही सापडलं: प्रवासी वैमानिकांना एक नियम आणि आपल्याला दुसरा, हे बरोबर नाही. चौकशीत मुख्य कारण ठरलं ते अस्थिर स्थितीत उतरणं चालू ठेवणं आणि उंचीवर लक्ष न राहणं. थकवा हा त्याला हातभार लावणारा घटक नोंदवला गेला. सहवैमानिकाच्या बाबतीत चौकशी मंडळाने असंही म्हटलं, की ड्युटीबाहेरचा वेळ विश्रांतीसाठी नीट वापरला गेला नव्हता. म्हणजे सरकारी नियम, कंपनीचं रोस्टर आणि घरची झोप या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. एक ढिली पडली की उरलेल्या दोघींवर भार येतो.

विमानात माणसं नाहीत, खोकी आहेत, म्हणून वैमानिकाला झोप कमी लागते असं कुठलंही वैद्यकशास्त्र सांगत नाही. ज्या गावावरून ते विमान पहाटे साडेचारला जातं, तिथे खाली माणसंच झोपलेली असतात.

युरोपात आणि भारतात काय स्थिती आहे?

युरोपीय संघाचे नियम फेब्रुवारी २०१६ पासून लागू आहेत आणि त्यांत माल आणि प्रवासी असा भेद नाही. सात दिवसांत जास्तीत जास्त ६० तास ड्युटी, २८ दिवसांत १९०. उड्डाणाचे तास २८ दिवसांत १०० आणि कॅलेंडर वर्षात ९००. अमेरिकेच्या कार्गो कंपनीतल्या नोकरीची युरोपातल्या नोकरीशी तुलना करताना हा मूळ पाया वेगळा आहे, हे आधी लक्षात घ्यावं. अमेरिकेत कायद्यातली उणीव काही ठिकाणी संघटनेने केलेला करार भरून काढतो. करार कमकुवत असेल तर मागे फक्त जुना कायदा उरतो.

भारतात डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२४ मध्ये सुधारित नियम आणले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. ‘रात्र’ म्हणजे मध्यरात्री १२ ते पहाटे ५ अशी व्याख्या होती, ती सकाळी ६ पर्यंत लांबवली. रात्रीच्या ड्युटीत सहा लँडिंगपर्यंत मुभा होती, ती दोनवर आणली. कंपन्यांचा विरोध झाला, वैमानिक संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी १ जुलै २०२५ व १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत हे नियम लागू करायचं ठरलं. पुढच्याच महिन्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. पुणे विमानतळावरही लोक ताटकळले. मग त्या कंपनीला रात्रीच्या काही तरतुदींतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत तात्पुरती सूट देण्यात आली.

कार्गोच्या दृष्टीने यातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा रात्रीच्या लँडिंगचा. एका रात्रीत तीन-चार शहरं करत जाणारं पार्सल विमान हा या धंद्याचा जुना नमुना, आणि दोन लँडिंगची मर्यादा नेमकी त्यावर बोट ठेवते. म्हणून नोकरी स्वीकारताना डीजीसीएचा छापील नियम वाचून थांबू नका. प्रत्येक कंपनीची स्वतःची, डीजीसीएने मंजूर केलेली योजना असते. ती मागा, आणि कुठल्या कलमातून सूट मिळालेली असेल तर ती किती तारखेपर्यंत आहे हेही विचारा.

रात्रीचं काम म्हणजे नेमकं कसं?

पार्सल कंपनीत दिवसभर गोळा झालेला माल रात्री एका मध्यवर्ती तळावर आणतात. फेडएक्सचा तळ मेम्फिसला, यूपीएसचा लुईव्हिलला. मध्यरात्रीच्या आसपास विमानं उतरतात, दोन-तीन तास मालाची छाननी चालते आणि पहाटेच्या आत विमानं पुन्हा सुटतात. मधल्या वेळात वैमानिकांना पडायला खोल्या असतात. या दोन्ही तळांवर त्या आहेत. लहान कंपनीत अशी सोय आहे का, हे जरूर विचारा. खुर्चीत काढलेले दोन तास आणि अंधाऱ्या खोलीत आडवं होऊन काढलेले दोन तास यांत फार फरक पडतो. पहाटे दोन ते सहा ही वेळ शरीराची सर्वांत मंद असते, आणि उतरण्याचं काम नेमकं त्याच वेळात येतं.

उरलेली निम्मी गोष्ट घरी घडते. दिवसा झोपणं ही शिस्त आहे आणि ती एकट्या वैमानिकाची नसते. सकाळी आठला घरी येऊन झोपलेल्या माणसाच्या वाट्याला दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या, शेजारच्या बांधकामाचं कटर हे सगळं येतं. जुलै-ऑगस्टमध्ये नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू होतात ते संध्याकाळी, म्हणजे रात्रीच्या ड्युटीआधी डोळा लागायला हवा नेमक्या त्या वेळी. ज्यांच्या घरी हे जमतं, तिथे एक खोली पूर्ण अंधारी केलेली असते, फोन दुसऱ्याकडे दिलेला असतो आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की दुपारी दोनला उठवायचं नाही. निर्णय घेण्याआधी घरच्यांशी याबद्दल मोकळेपणाने बोला. ‘सुट्टीच्या दिवशी असतोस की घरी’ असं म्हणणाऱ्यांना हेही समजावून सांगा, की रात्रपाळीनंतरचा पहिला दिवस सुट्टीचा नसतो, तो झोपेची भरपाई करण्याचा असतो.

सलग किती रात्री लावतात हा प्रश्न महिन्याच्या एकूण तासांपेक्षा जास्त महत्त्वाचा आहे. पाच सलग रात्री आणि मग दोन दिवस विश्रांती हे शरीराला एक वेळ जुळवून घेता येतं. एक रात्र, एक दिवस, पुन्हा एक रात्र, हे फार जड जातं.

पुण्यात राहून कार्गोची नोकरी करता येते का?

करता येते, पण डोळे उघडे ठेवून. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा, धावपट्टी साधारण अडीच किलोमीटरची. मालवाहू कंपनीचा मोठा तळ इथे नाही. पुण्यात मालाची कमतरता नाही. चाकणचे सुटे भाग आहेत, मांजरी भागातल्या सीरमच्या लशी आहेत. १२ जानेवारी २०२१ च्या पहाटे सीरममधून कोविशील्डचे पहिले ट्रक निघाले ते लोहगावलाच आले आणि तिथून प्रवासी कंपन्यांच्या विमानांनी देशभर लस गेली. तरीही इथला बराच माल रस्त्याने मुंबईला जातो किंवा प्रवासी विमानाच्या पोटातून जातो. त्यामुळे वैमानिकाचा बेस, म्हणजे ड्युटी जिथून सुरू होते तो तळ, मुंबई, चेन्नई, दिल्ली, बेंगळुरू असा कुठेतरी पडतो.

मुंबई बेस असेल तर घरापासून तीन-चार तास धरा, पावसाळ्यात घाटात वाहतूक अडकली तर त्याहून जास्त. हा प्रवास ड्युटीत मोजला जात नाही. रात्री अकराचं रिपोर्टिंग असेल आणि तुम्ही संध्याकाळी सहाला कोथरूडहून निघालात, तर पहाटे पाचच्या लँडिंगला तुम्ही अकरा तास जागे आणि धावपळीत असता. कागदावर मात्र सहाच तास दिसतात. म्हणून मुंबईत झोपण्यापुरती एखादी खोली चार-पाच जणांत मिळून घेणं हा खर्च पगारातून आधीच वजा करावा. अंधेरी-मरोळची भाडी बघितली तर ती रक्कम किरकोळ नाही. नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यामुळे पुढे काही कंपन्यांचं काम तिकडे सरकलं तर पुणेकरांचं अंतर बरंच कमी होईल, पण आज हातातल्या पत्रावर कुठला बेस लिहिला आहे तेच धरून चाला.

चेन्नई किंवा दिल्ली बेस असेल तर रोस्टरमध्ये सलग सुट्ट्या मिळतात का हे बघा. सलग सहा दिवस मिळाले तर पुण्याला येण्यात अर्थ आहे. तुकड्या-तुकड्याने दोन दिवस मिळाले तर एक दिवस प्रवासातच जातो.

अमेरिकेतल्या काही कंपन्या, कलिट्टा त्यातली एक, ‘होम बेसिंग’ देतात. म्हणजे तुम्ही राहता त्या शहराजवळच्या विमानतळापासून कामाच्या ठिकाणापर्यंतचं तिकीट कंपनी काढते आणि तो प्रवास कामाचाच भाग धरला जातो. पगार थोडा कमी असूनही वैमानिक अशा कंपनीत का टिकतात, याचं उत्तर बहुधा इथे मिळतं. भारतात कुणी अशी सोय देत असेल तर तिची किंमत पैशांत काढा आणि मगच दुसऱ्या ऑफरशी ताडून बघा.

करार आणि अपॉइंटमेंट लेटर यांत फरक काय?

फेडएक्सच्या वैमानिकांची संघटना अल्पा, यूपीएसच्या वैमानिकांची स्वतंत्र संघटना आयपीए. पगार, रिग, सुट्ट्या, हॉटेलचा दर्जा हे सगळं तिथे संघटनेच्या करारात असतं आणि नव्या करारावर वैमानिक मतदान करतात. २०२३ च्या जुलैमध्ये फेडएक्सच्या वैमानिकांनी समोर ठेवलेला करार ५७ टक्के मतांनी फेटाळला. त्याच वर्षी डेल्टा या प्रवासी कंपनीने चार वर्षांत मिळून ३४ टक्के वाढ दिली होती, तो आकडा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. तिथल्या कायद्यानुसार नवा करार होईपर्यंत जुना चालूच राहतो आणि संप सहजासहजी करता येत नाही, त्यामुळे वाटाघाटी वर्षानुवर्षं लांबतात.

भारतातल्या खासगी कंपन्यांत बहुधा प्रत्येकाच्या हातात स्वतःचं अपॉइंटमेंट लेटर असतं आणि त्यात ‘कंपनीच्या वेळोवेळीच्या धोरणानुसार’ असं एक वाक्य असतं. पगाराचा आकडा पत्रात आणि भत्त्यांचे, सुट्ट्यांचे नियम धोरणात, अशी विभागणी असेल तर धोरण उद्या बदलू शकतं. जितकं जास्त पत्रात लिहून मिळेल तितकं बरं. आखाताचा विचार करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं, की संयुक्त अरब अमिरातीत कामगार संघटना स्थापन करता येत नाही. तिथे करमुक्त पगाराचं आकर्षण खरं आहे, पण कामाचे नियम कंपनीच्या हाती असतात.

नोटीस पीरियड आणि बाँडचं काय?

डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला (कॅप्टनला) एक वर्षाची आणि को-पायलटला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. बाँड वेगळा असतो. टाइप रेटिंगचा, म्हणजे ठरावीक प्रकारचं विमान चालवण्याच्या प्रशिक्षणाचा, खर्च कंपनीने केला की ती काही वर्षं बांधून घेते. बाँडची रक्कम दरवर्षी कमी होत जाते की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण लागू राहते, हे नक्की विचारा. कंपनीनेच विमानं परत केली आणि तुम्हाला कामावरून कमी केलं, तर बाँड रद्द होतो का, हे कलम बरेच जण वाचतच नाहीत.

सीनियॉरिटीला इतकं महत्त्व का देतात?

अमेरिकेत पगार, विमानाचा प्रकार, बेस, सुट्टी, रोस्टर हे सगळं रुजू झाल्याच्या क्रमाने मिळतं, आणि कंपनी बदलली की क्रम शून्यापासून सुरू होतो. पंधरा वर्षांचा अनुभवी कॅप्टनसुद्धा नव्या कंपनीत सर्वांत खालचा. त्यामुळे तिथे निवड एकदाच आणि नीट करावी लागते. भारतात अनुभवाच्या तासांवर थेट कॅप्टन म्हणून घेण्याची पद्धत आहे, म्हणून कंपनी बदलणं तुलनेने सोपं. भारतीय वैमानिकाने अमेरिकी सल्ला जसाच्या तसा घेऊ नये, याचं हे एक मोठं कारण.

बारामतीहून परवाना मिळाला. थेट फेडएक्स किंवा यूपीएसला अर्ज करता येईल का?

नाही. तिथे काम करण्याचा कायदेशीर हक्क आणि अमेरिकी एटीपी, म्हणजे वैमानिकाचा सर्वांत वरचा परवाना, लागतो. त्यासाठी सर्वसाधारणपणे १,५०० तास हवेत. आपला व्यावसायिक परवाना २०० तासांवर मिळतो. आधी भारतात तास जमवा.

कार्गोची नोकरी जास्त सुरक्षित असते असं म्हणतात. खरं का?

कोविडच्या काळात प्रवासी विमानं जमिनीवर होती आणि मालवाहू उडत होती, तेव्हापासून हा समज पक्का झाला. त्या काळापुरता तो खराही होता. पण कार्गो कंपनीचा जीव काही मोजक्या ग्राहकांत असतो. अमेरिकी टपाल खात्याचं हवाई काम फेडएक्सकडे दोन दशकांहून जास्त काळ होतं, ते सप्टेंबर २०२४ मध्ये संपलं आणि यूपीएसकडे गेलं. २०२३ मध्ये माल घटला तेव्हा यूपीएसने वैमानिकांना स्वेच्छानिवृत्तीचा पर्याय दिला होता. आपल्याकडे कॅप्टन गोपीनाथ यांनी मोठ्या अपेक्षेने सुरू केलेली डेक्कन ३६० ही मालवाहू कंपनी काही वर्षांतच बंद पडली. ऑफर देणारी कंपनी कोणाचा माल नेते, एकाच ग्राहकाचा की अनेकांचा, आणि विमानं स्वतःची आहेत की भाड्याची, हे विचारायला संकोच करू नका.

धोकादायक मालाचा आणि कामाच्या नियमांचा काय संबंध?

फार जवळचा. ३ सप्टेंबर २०१० ला दुबईहून निघालेल्या यूपीएसच्या ७४७ मध्ये आग लागली. मालात लिथियम बॅटऱ्या होत्या. दोन्ही वैमानिक गेले. एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानातून लिथियम-आयन बॅटऱ्या माल म्हणून नेण्यावर आंतरराष्ट्रीय बंदी आली. मालवाहू विमानातून त्या नियमांच्या चौकटीत आजही जातात. एप्रिल २०१३ मध्ये अफगाणिस्तानातल्या बगरामहून उडालेल्या मालवाहू ७४७ मधली अवजड वाहनं सुटून मागे सरकली आणि विमानातले सातही जण मेले.

म्हणून मुलाखतीत विचारा: माल बांधल्याची तपासणी कोण करतं, वैमानिकाला ती बघायला वेळ मिळतो का, आणि कॅप्टनने एखादा माल नाकारला तर पुढे काय होतं? ‘थकलो आहे, उडू शकत नाही’ असं सांगितल्यावर पगार कापतात का, हाही याच जातीचा प्रश्न आहे. उत्तर देणारा माणूस क्षणभर अडखळला, तर ते लक्षात ठेवा.

ऑफर हातात आहे. सही करण्याआधी कंपनीकडे काय मागू?

सर्वांत आधी मागच्या तीन महिन्यांची, त्याच बेसच्या आणि त्याच विमानाच्या को-पायलटची प्रत्यक्ष रोस्टर, नाव झाकून दिली तरी चालेल. आखलेली नव्हे, प्रत्यक्ष घडलेली. त्यावर पेन्सिलने घरच्या रात्री मोजा, सलग रात्रपाळ्या मोजा, आणि शेवटच्या क्षणी बदललेल्या ड्युट्या मोजा. मग डीजीसीएने मंजूर केलेली ड्युटी-विश्रांतीची योजना. मग पगाराच्या दोन खऱ्या स्लिप, एक भरपूर उड्डाणाच्या महिन्याची आणि एक कमी उड्डाणाच्या महिन्याची, म्हणजे हमी खरोखर मिळते का ते कळतं. स्टँडबायचे, म्हणजे बोलावलं तर यायचं अशा राखीव ड्युटीचे, नियम: किती वेळात विमानतळावर पोचायचं, आणि त्या दिवसाचे पैसे मिळतात का. प्रवासी म्हणून दुसऱ्या विमानाने कामावर पाठवलं तर त्या तासांचा पगार पूर्ण, अर्धा की काहीच नाही. आजारपणाच्या रजेचे नियम, आणि वैद्यकीय परवाना गेला तर विमा किती.

कंपनी हे सगळं देईल असं नाही. रोस्टर गोपनीय आहे असं सांगतात. अशा वेळी त्या कंपनीत काम करणारा, आणि शक्य झालं तर नुकताच सोडून गेलेला, अशा दोघांशी बोला. पुण्यात हे अवघड नाही. विमाननगर, खराडी, औंध या भागांत बरेच वैमानिक राहतात आणि ओळखीतून एखाद्याशी गाठ पडतेच. त्यांना पगार विचारू नका, तो तुम्हाला पत्रात दिसतोच आहे. मागच्या महिन्यात किती रात्री घरी झोपलात, हे विचारा.